भविष्यकाळाचे देणे

इंग्रजी भाषेला भविष्यकाळ नाही, हे विधान प्रथम ऐकणाऱ्यास विक्षिप्तपणाचे वाटेल. ‘शॅल’ आणि ‘विल’ यांचे तक्ते शाळेत घोकून ज्यांनी ती भाषा हस्तगत केली, आणि पुढे तिच्याच बळावर दिल्लीपासून दिसपूरपर्यंत सरकारी मसुदे लिहिण्यात ज्यांची हयात गेली, त्या आमच्या वाचकांना तर ते मुळीच पटावयाचे नाही. तथापि ओटो येस्पर्सन या थोर डॅनिश व्याकरणकाराने हेच मत मांडले आहे आणि आजचे अनेक भाषाशास्त्रज्ञ त्याच्या बाजूचे आहेत. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : भूतकाळ दाखविण्यासाठी इंग्रजी क्रियापद स्वतःचे रूप बदलते, ‘गो’चे ‘वेन्ट’ होते, ‘वर्क’चे ‘वर्क्ड’ होते. भविष्यासाठी मात्र ते स्वतः काहीच करीत नाही. ते शेजारपाजारी उसनवारी करते. कधी कर्तव्याचा शब्द आणते, कधी इच्छेचा, कधी प्रवासाचा, आणि कधी तर वर्तमानकाळाच्याच घरात उद्याला जागा देऊन मोकळे होते.

हा वाद व्याकरणकारांनी आपसांत मिटवावा. आम्हांस त्यातील निराळीच एक गोष्ट महत्त्वाची वाटते. ज्या भाषेत उद्याविषयी बोलण्यास निर्भेळ असा शब्दच नाही, तीत उद्याविषयी लिहिणारा मनुष्य दर वेळी, कळत वा नकळत, एक नैतिक निवड करीत असतो. जे घडेल ते आपण नुसते सांगत आहोत, की ते घडविण्याचे अंगावर घेत आहोत? आणि लिहिणारा जर सरकारी अधिकारी असेल, त्याच्या सहीच्या कागदावर ‘विल’ उमटले असेल, आणि चार महिन्यांनी त्याची बदली व्हावयाची असेल, तर अंगावर घेतलेले ते काम पुढे कोणाच्या अंगावर राहते?

‘शॅल’चेच पाहा. आज हे पद दुसऱ्या क्रियापदाच्या आधाराने उभे असते. परंतु हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ते स्वतंत्र क्रियापद होते आणि त्याचा एक अर्थ होता ‘देणे लागणे’. त्या काळी शुभवर्तमानांचे जे इंग्रजी भाषांतर झाले, त्यात लूकच्या सोळाव्या अध्यायातील कारभाऱ्याची कथा येते. एका श्रीमंताच्या कारभाऱ्यावर उधळपट्टीचा आळ येतो आणि धनी त्यास हिशेब देऊन जागा सोडण्यास फर्मावतो. जमीन खणण्याचे बळ नाही आणि भीक मागण्याची लाज वाटते, अशा पेचात सापडलेला तो कारभारी एक युक्ती काढतो. चाकरी गेल्यावर चार घरांत तरी आपला शिरकाव व्हावा म्हणून तो धन्याच्या ऋणकोंना एकेक करून बोलावतो, धन्याचे किती देणे आहे ते विचारतो, आणि शंभर मापे तेलाचे खत पन्नासाचे करून देतो, शंभर मापे गव्हाचे ऐंशीचे. त्याच्या प्रश्नातील ‘देणे लागणे’ या अर्थाचे जे क्रियापद जुन्या इंग्रजीत आहे, तेच आजच्या ‘शॅल’चे पूर्वज होय. जर्मन भाषेत त्याच कुळातील ‘शुल्ड’ हा शब्द अद्यापि कर्ज आणि अपराध अशा दोन्ही अर्थांनी चालतो.

हा कारभारी आमच्या वाचकांस अगदीच अनोळखी वाटू नये. जागा सोडण्याच्या सुमारास दुसऱ्याच्या तिजोरीवर उदार होणारे आणि आपल्यामागून येणाऱ्याच्या नावे देणी लिहून ठेवणारे लोक केवळ पॅलेस्टाईनमध्येच होऊन गेले असे नाही. धर्मोपदेशकांना या कथेचा अर्थ लावताना फार कष्ट पडतात, कारण तीत धनी अखेर त्या लबाडाच्या चातुर्याचे कौतुक करतो. आमचा प्रश्न त्याहून साधा आहे. ज्यांची खते बदलली ते ऋणको नव्या कारभाऱ्याकडे आले असतील, तेव्हा त्याने काय केले असेल? कथा त्याविषयी काही सांगत नाही.

‘विल’चे मूळ इच्छेत आहे. संस्कृतातील ‘वृ’ धातूशी, म्हणजे आपल्या ‘वर’ आणि ‘वरणे’ या शब्दांशी, त्याचे दूरचे नाते सांगतात. मृत्युपत्रालाही इंग्रजीत ‘विल’ म्हणतात हे ध्यानात घेण्याजोगे आहे. कर्ता जगात नसतानाही जी पाळावी लागते, अशी ती इच्छा. ‘गोइंग टु’ हा तिसरा प्रकार पायी चालण्यातून निघाला. कोणी मनुष्य काही विकत घ्यावयास बाजाराकडे जात आहे, एवढेच पूर्वी त्यातून कळे. हळूहळू पाय झिजले, बाजार गेला आणि बेत तेवढा शिल्लक राहिला. इतका, की आज ‘आय ॲम गोइंग टु स्टे हिअर’ असे म्हणताना ‘जाणे’ आणि ‘राहणे’ एका वाक्यात गुण्यागोविंदाने नांदतात. चौथा प्रकार वर्तमानकाळाचा. गाडी उद्या सहाला ‘लीव्ज’, भविष्याची खूण कोठेच नाही. वेळापत्रकात छापले गेले ते जणू घडूनच गेले. हुकमासाठी ‘इज टु’, ‘आर टु’ हे आणखी निराळे : सोमवारी शिलाँगला हजर व्हावे, एवढे त्यात असते, तुमची इच्छा त्यात नसते आणि हुकूम देणाऱ्याचे ऋणही नसते. जाता जाता सांगावयाचे तर, आपल्याकडील इंग्रजीत ‘व्हेन ही विल कम’ हे जे वारंवार दिसते त्याचे कारण मराठीतच आहे. आपण ‘तो येईल तेव्हा’ म्हणतो. इंग्रजी मात्र अशा ठिकाणी ‘विल’ला सहसा थारा देत नाही, ‘इफ यू विल’ म्हटले की त्यात ‘तुमची मर्जी असेल तर’ हा जुना अर्थ लगेच डोके वर काढतो.

ही उसनवारी नीतिविचारास कोठे येऊन भिडते, ते एलिझाबेथ ॲन्स्कम या विदुषीने 1957 साली प्रसिद्ध केलेल्या ‘इन्टेन्शन’ या ग्रंथाच्या आरंभीच दाखवून दिले आहे. मला आता मळमळून उलटी होणार, आणि मी आता फिरावयास जाणार, ही दोन वाक्ये इंग्रजीत एकाच साच्याची होतात. परंतु पहिले भाकीत आहे. पोटात ढवळते या पुराव्यावर ते उभे असते, आणि उलटी झाली नाही तर बोलणाऱ्याचा अंदाज चुकला एवढेच ठरते. दुसरे वाक्य पुराव्यावर उभे नाही. मी फिरावयास गेलो नाही, तर उणीव माझ्या अंदाजात नसते, माझ्या करणीत असते. एकाच क्रियापदाच्या पोटात दोन सर्वस्वी भिन्न जातींची सत्ये नांदतात, आणि कोणते कोणते हे व्याकरण सांगू शकत नाही.

आता एखाद्या कचेरीतून अर्जदारास जाणारे पत्र घ्या. आपल्या अर्जाचा ‘यथावकाश’ विचार करण्यात येईल, असे त्यात असते. ‘विल बी कन्सिडर्ड इन ड्यू कोर्स.’ लिहिणाऱ्याने ते पहिल्या जातीचे वाक्य म्हणून लिहिलेले असते : कागद हलतात, कधीतरी विचार होतो, असा पूर्वानुभव आहे. वाचणारा ते दुसऱ्या जातीचे म्हणून वाचतो. तो ते पत्र घडी करून ट्रंकेत ठेवतो, मुलीच्या लग्नाचा वा जमिनीच्या व्यवहाराचा हिशेब त्यावर मांडतो. खोटे कोणीच बोललेले नाही. तरी मध्ये कोणीतरी फसलेले आहे. आमच्या मते सरकारी भाषेतील खरा नैतिक प्रश्न असत्याचा नसून या अंतराचा आहे. आणि ज्याला हे अंतर ठाऊक आहे तो ते भरून काढीत नसेल, तर त्यास वेळ मारून नेणे असे स्वच्छ मराठी नाव आहे.

बंगळुरात नोकरी केलेल्या वाचकांना ‘नाळे बा’ ही आख्यायिका ठाऊक असेल. रात्री दार ठोठावणाऱ्या भुताने परत जावे म्हणून लोक दारावर ‘उद्या ये’ असे लिहून ठेवीत. भूत ते वाचून परत फिरे, दुसऱ्या रात्री येई, तेच वाचून पुन्हा परत फिरे. भुताशी असे वागण्यास आमची हरकत नाही.

व्याकरणाने हे अंतर मिटविण्याचा एकदा प्रामाणिक प्रयत्न केला होता. 1653 साली जॉन वॉलिस याने परकीयांना इंग्रजी शिकविण्यासाठी लॅटिन भाषेत एक व्याकरण लिहिले. हा वॉलिस ऑक्सफर्डचा गणिती. अनंताचे चिन्ह, तो आडवा पडलेला आठ, गणितात आणला तो यानेच. त्याने नियम घालून दिला की, प्रथम पुरुषी ‘शॅल’ नुसते भाकीत करते आणि ‘विल’ वचन देते किंवा धमकावते. द्वितीय आणि तृतीय पुरुषी याच्या नेमके उलट. नियमामागची दृष्टी खरोखर नैतिक होती. स्वतःविषयी बोलताना मनुष्याने आपल्या इच्छेचा शब्द उगाच खर्चू नये, आणि दुसऱ्याविषयी बोलताना त्याच्यावर आपले ऋण लादू नये, अशी काहीशी मर्यादा त्यात होती. पुढे 1762 साली बिशप लाउथने आणि 1795 साली लिंडली मरेने हा नियम आपापल्या व्याकरणांत घेतला आणि तेथून तो शाळाशाळांत, अखेर आपल्या मुलखातही, पोचला. पाण्यात पडलेल्या परक्या मनुष्याची जुनी गोष्ट त्याच नियमाची. ‘आय विल ड्राउन, नोबडी शॅल सेव्ह मी’ असे तो ओरडला, आणि त्याने बुडण्याचा निर्धार जाहीर करून इतरांना वाचविण्याची मनाई केली आहे असे समजून काठावरचे इंग्रज स्वस्थ उभे राहिले. फाउलर बंधूंनी 1906 साली तर असे प्रतिपादन केले की, हा भेद दक्षिण इंग्लंडच्या माणसाला उपजतच येतो आणि इतरांना तो साधणे दुरापास्त आहे. म्हणजे वचन आणि भाकीत यांतला फरक कळण्यास जन्म विशिष्ट जिल्ह्यात झाला पाहिजे! 1925 साली चार्ल्स फ्राइज या अमेरिकन अभ्यासकाने जुनी व्याकरणे आणि नाटकांतील संवाद तपासून दाखविले की, प्रत्यक्ष वापर या नियमाप्रमाणे चालत नाही. बोलण्यात तर दोहोंच्या जागी नुसता ‘ल्’ उरतो. त्यात ऋण किती आणि इच्छा किती, हे कोणी मोजावे?

नियमाचे पितळ उघडे पाडणारे सर्वांत ठळक उदाहरण मात्र एका सेनापतीचे आहे. 1942 च्या मार्चमध्ये फिलिपाइन्समधून ऑस्ट्रेलियात येऊन पोचलेल्या जनरल मॅकआर्थरने ‘आय शॅल रिटर्न’ असे उद्गार काढले. वॉलिसच्या नियमाने पाहिल्यास हे केवळ भाकीत ठरते. जगाने त्यात शपथ ऐकली, आणि 1944 च्या ऑक्टोबरात तो लेटेच्या किनाऱ्यावर उतरला तेव्हा शपथ पुरी झाली असेच सर्वांनी मानले. या वाक्यात ‘आय’च्या जागी ‘वुई’ घालावे असे सरकारी प्रचारखात्याने सुचविले होते आणि त्याने ते नाकारले, असे सांगतात. अनेकांना यात त्याची आत्मप्रौढी दिसते, आणि ती नव्हती असे आम्हीही म्हणणार नाही. परंतु ‘आम्ही’ म्हटले असते तर परत कोण आले नाही हे विचारण्यास पत्ता राहिला नसता, हेही तितकेच खरे. हा लेख ‘आम्ही’ या पदाने लिहिला जात आहे, तेव्हा त्या पदाच्या आडोशाची सोय आम्हांस चांगलीच ठाऊक आहे.

कायद्याने ‘शॅल’मधील जुने ऋण बराच काळ जतन केले. आपल्या संविधानाच्या इंग्रजी पाठात हा शब्द पावलोपावली आहे. पण तेथेही त्याचे चलन एकसारखे नाही. अनुच्छेद 320 प्रमाणे शिस्तभंगाच्या प्रकरणांत लोकसेवा आयोगाचा सल्ला ‘शॅल’ घेतला जावयाचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1957 साली उत्तर प्रदेशातील एका सरकारी नोकराच्या प्रकरणात असा निर्णय दिला की, सल्ला घेतला नाही एवढ्यावरून शिक्षेचा हुकूम रद्द ठरत नाही. याउलट 1963 च्या राजभाषा अधिनियमात इंग्रजीचा वापर पुढे चालू राहण्यासंबंधी ‘मे’ हे पद होते. दक्षिणेतील सभासदांनी तेथे ‘शॅल’ हवे म्हणून आग्रह धरला. येथे दोहोंचा अर्थ एकच, असे पंडित नेहरूंनी सांगितले. शब्दावरचा विश्वास बोलणाऱ्यावरच्या विश्वासाएवढाच टिकतो. नेहरू 1964 मध्ये गेले, 1965 च्या जानेवारीत मद्रास राज्य पेटले, आणि 1967 साली कायदा दुरुस्त करावा लागला. अलीकडे काही देशांनी या पदाशी काडीमोडच घेतला आहे : दक्षिण आफ्रिकेच्या 1996 च्या संविधानात बहुधा ‘मस्ट’ येते, आणि अमेरिकेच्या संघीय न्यायालयांचे दिवाणी कार्यपद्धतीचे नियम 2007 साली नव्याने लिहिले गेले तेव्हा त्यांतून ‘शॅल’ वगळण्यात आले.

यापेक्षा अनुच्छेद 45 चे उदाहरण अधिक बोचणारे आहे. चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत आणि सक्तीचे शिक्षण देण्यासाठी राज्य दहा वर्षांच्या आत ‘शॅल एन्डेव्हर’, प्रयत्न करील, असे त्यात 1950 साली लिहिले होते. ऋणाच्या शब्दाला प्रयत्नाची शेपटी जोडली की ऋण किती हलके होते! मुदत 1960 मध्ये संपली. 2002 च्या शहाऐंशीव्या दुरुस्तीने अनुच्छेद 21 क आणला, त्यात सहा ते चौदा वर्षांच्या मुलांपुरती ‘प्रयत्ना’ची शेपटी कापली गेली, आणि तो अनुच्छेद प्रत्यक्ष अमलात आला 1 एप्रिल 2010 रोजी. 1950 साली सहा वर्षांचे असलेले मूल तोवर सहासष्ट वर्षांचे झाले होते. त्या मुलाशी वचनभंग कोणी केला? सही करणारे केव्हाच काळाच्या पडद्याआड गेले होते, आणि त्यांतील बहुतेकांच्या प्रामाणिकपणाविषयी आमच्या मनात यत्किंचित शंका नाही.

येथे आपल्या भाषेकडे वळणे भाग आहे, कारण आपणांपैकी जे इंग्रजीत मसुदे लिहितात तेही विचार बहुधा मराठीतच करतात. मराठीला भविष्यकाळ आहे, आणि वर आणखी एक आहे. ‘मी करीन’ आणि ‘मी करणार’ या दोहोंत जे अंतर आहे ते इंग्रजीत नेमके उतरविणे कठीण. ‘करीन’ला ‘जमल्यास’ हे पद सहज चिकटते. ‘करणार’ला ते चिकटविले तर वाक्य लंगडते. कारण ‘करणार’ हा मुळात क्रियेचा काळ नव्हेच; ते कर्त्याचे नाव आहे. मी करणारा आहे. संस्कृतात ‘लुट्’ या लकाराची घडण अशीच आहे : ‘कर्तास्मि’, म्हणजे मी कर्ता आहे, आणि पाणिनीने हा लकार, जे आज व्हावयाचे नाही अशा भविष्यासाठी राखून ठेवला. आजचे काम डोळ्यांसमोर असते. उद्यानंतरच्या कामाला निदान कर्ता तरी उभा करून ठेवावा, असा काही विचार त्या घडणीमागे होता असे आम्ही म्हणत नाही. पण तो त्यातून सुचतो खरा. (निरोप घेताना आपण ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतो, आणि हाक आली की जागचे न हलता ‘आलोच’ म्हणतो. या दुसऱ्या प्रकारात भविष्यकाळ भूतकाळाचे सोंग घेतो, आणि ते सोंग घरातील मंडळी पुरते ओळखून असतात.)

अशा भाषेत आम्ही सरकारी लिखाणासाठी काय घडविले? ‘करण्यात येईल’! करणारा त्यात नाही, करीनही नाही. क्रिया जणू पाऊस आहे, यावयाची तेव्हा येईल. ‘विल बी डन’ची ही तरजुमी हिंदीत ‘की जाएगी’ म्हणून सुखाने नांदते आणि हिंदी प्रांतांतील आपले बांधव ती दिवसातून दहा वेळा लिहितात. ताकास तूर लागू न देण्याची इतकी निर्दोष रचना अन्यत्र क्वचितच आढळेल.

तथापि या रचनेची एक बाजू न्यायाने मांडली पाहिजे. पेन्शन मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याने ‘मी मंजूर करीन’ असे लिहू नये, हेच योग्य आहे. लिहिले तर विधवा बाईस वाटेल की ही साहेबांची कृपा. उद्या साहेब रुसले तर ती जाईल. कर्ता लपविण्यात नेहमी पळपुटेपणाच असतो असे नाही. हक्काला कृपेचे रूप येऊ नये, ही दृष्टीही त्यात असते. ब्रिटिश अमदानीतील ‘मायबाप सरकार’ ज्यांना नको असेल, त्यांना कर्तरी प्रयोगाचा फार हव्यास धरता येणार नाही. तेव्हा प्रश्न कर्तरी की कर्मणी हा नाही. व्यक्ती बाजूला सारल्यावर तिच्या जागी कोणी उभे राहते की नाही, हा आहे.

कोणी उभे राहते याचे उदाहरण आपल्या सर्वांच्या खिशात आहे. रिझर्व्ह बँकेच्या नोटेवर गव्हर्नर धारकास इतके रुपये देण्याचे वचन देतो. वाक्य वर्तमानकाळी आहे, एकवचनी आहे, खाली एका माणसाची सही आहे. 1943 ते 1949 या काळात ती सही चिंतामणराव देशमुखांची होती. महाड तालुक्यातील नाते गावचे हे गृहस्थ त्या पदावरील पहिले भारतीय. 1949 साली ते पदावरून गेले, पण त्यांच्या सहीच्या नोटा घेऊन कोणी त्यांचे घर शोधीत गेला नाही. ‘मी’ म्हणणारा मनुष्य निराळा आणि देणे लागणारा निराळा, हे लोक न शिकविता जाणत होते. एक रुपयाची नोट भारत सरकारची असते, तीवर वित्तसचिवाची सही असते आणि वचन मात्र नसते, ही बारीक गोष्टही पाहण्याजोगी आहे. वचन मागे घेतले जात नाही असेही नाही. देशमुखांच्याच कारकीर्दीत, 1946 साली, मोठ्या रकमांच्या नोटा चलनातून काढल्या गेल्या. 1978 मध्ये पुन्हा. आणि 8 नोव्हेंबर 2016 रोजी पाचशे-हजाराच्या. या शेवटच्या वेळी 2017 साली संसदेला स्वतंत्र कायदा करून बँकेची देयता संपवावी लागली. त्या निर्णयाच्या बरेवाईटपणाविषयी मतभेद आहेत आणि राहतील. परंतु देणे उघडपणे, तारीखवार, कायद्याने संपविले गेले, ‘यथावकाश’ नाही. ज्याला भांडावयाचे त्याला कोणाशी भांडावे हे ठाऊक होते.

आणि येथे आम्ही एका अशा संस्थेकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो, जिच्याविषयी सरकारी नोकर सोडले तर फारच थोडे लोक जाणतात. 1953 साली लोकसभेत आश्वासनांसंबंधीची समिती स्थापन झाली. अध्यक्षस्थानी तेव्हा दादासाहेब मावळंकर होते, कोकणातून गुजरातेत जाऊन रुजलेल्या मराठी घराण्यातील. बृहन्महाराष्ट्राचा याहून चांगला नमुना कोणता? मंत्री सभागृहात जे जे भविष्यकाळी बोलतात त्याची नोंद ठेवावयाची, आणि ते पुरे झाले की नाही हे पाहावयाचे, एवढेच या समितीचे काम. पण ‘भविष्यकाळी बोलणे’ म्हणजे काय? वॉलिसचा नियम येथे उपयोगी पडला नसता. समितीने शब्दप्रयोगांची एक यादीच ठरविली. त्यांतला कोणताही उच्चारला की ते आश्वासन समजावयाचे. ‘आय शॅल लुक इन्टु इट’ त्या यादीत आहे, यात नवल नाही. नवल असे की ‘द मॅटर इज अंडर कन्सिडरेशन’ हेही आहे. या वाक्यात भविष्याचा मागमूस नाही, शुद्ध वर्तमानकाळ. तरीही संसदेने ते देणे म्हणून खात्यावर धरले. बाब विचाराधीन आहे असे म्हणणारा, विचार संपविण्याचे देणे लागतो. भाषाशास्त्रज्ञ जे सांगतात, की इंग्रजीत भविष्य क्रियापदाच्या रूपात नसून प्रसंगात असते, ते आपल्या संसदेच्या कचेरीने व्यवहारात आणून दाखविले. पूर्ततेची मुदत तीन महिने. ती वारंवार वाढवून घेतली जाते, काही आश्वासने वर्षानुवर्षे रेंगाळतात, हे आम्हांस मान्य आहे. पण रेंगाळत आहेत हे कळते तरी.

त्याहून मोलाचा एक नियम आहे. लोकसभा विसर्जित झाली की तिच्यापुढील विधेयके बहुधा बाद होतात. आश्वासने बाद होत नाहीत. नवी समिती येते आणि जुनी, अपुरी आश्वासने तपासून त्यांतली महत्त्वाची पुढे चालविते. म्हणजे कायदा करण्याची इच्छा सभागृहाबरोबर मरते, पण दिलेला शब्द मरत नाही. ‘विल’ संपते, ‘शॅल’ उरते. मूळ अर्थांनी ही दोन पदे वापरली, तर यापेक्षा नेमके वर्णन करता येणार नाही.

ही व्यवस्था सभागृहातील बोलण्यापुरती आहे. जिल्ह्याच्या, विभागाच्या, मंडलाच्या कचेरीतून जी लक्षावधी ‘विल’ टपालाने बाहेर पडतात, त्यांना कोणतीही समिती नाही. बदली झालेला अधिकारी चार्ज देतो तेव्हा किल्ल्या मोजल्या जातात, रोकड जुळविली जाते, गोपनीय फाईलींची यादी होऊन दोन्ही बाजूंच्या सह्या होतात. आपल्या सहीने त्या खुर्चीने कोणाकोणाला काय काय ‘करण्यात येईल’ म्हणून कळविले आहे, याची यादी देण्याचा प्रघात आम्हांस कोठे आढळला नाही. ती करण्यास अडचण कसलीच नाही. तीन रकाने पुरतात : कोणाला लिहिले, काय लिहिले, पुढे काय झाले. तिसरा रकाना बराचसा कोरा राहील, आणि बहुधा तेवढ्यासाठीच ती यादी कोणी करीत नसावे.

यावर नव्या माणसाचा आक्षेप ठरलेला आहे : लिहिले त्यांनी, मी का बांधला जाऊ? त्याचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. पूर्वीच्या माणसाने लूकच्या त्या कारभाऱ्याप्रमाणे दुसऱ्याच्या धान्यावर उदारपणा केला असेल, नियमात न बसणारे मान्य केले असेल, तर नव्याने ते पाळलेच पाहिजे असे आम्ही म्हणत नाही. देणे खुर्चीचे आहे, आणि खुर्चीला जे देण्याचा अधिकारच नाही ते कोणाच्याही सहीने देणे होत नाही. पण अर्जदाराच्या ट्रंकेत घडी करून ठेवलेला कागद तसाच आहे आणि त्यावर त्याचा हिशेब चालू आहे. नव्या माणसास तो शब्द पाळावयाचा नसेल तर त्याने त्यास तसे कळवावे : आपणांस अमुक तारखेच्या पत्राने जे कळविले होते ते होणार नाही. कारण एका ओळीत, खाली नाव आणि हुद्दा. इंग्रजीत लिहावयाचे तर ‘विल नॉट’ पुरे; येथे ‘इन ड्यू कोर्स’ जोडण्याची गरज पडत नाही.